पोळ्याच्या दिवशी जुपलेली दमणी

वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालत असे त्या काळची ही गोष्ट. जळगाव जामोदहून नांदुऱ्याच्या स्टेशनावर जायचे तर उन्हाळ्यात मोटार मिळे. पावसाळ्यात मात्र बैलांवाचून गत्यंतर नसे. काळी जमीन एकदा भिजली की मोटारीची चाके आसापर्यंत रुतत आणि मोटारवाला टोपी काढून बैलवाल्यांपुढे उभा राही. अशा बैलवाल्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या निमखेडीचा शालिग्राम हा अग्रगण्य मानला जाई. त्याची दमणी, म्हणजे वर टप असलेली उतारूंची हलकी बैलगाडी, तालुक्यात सर्वांच्या ओळखीची होती. वंगण तो स्वतः घाली, टपाचे बांबू दरवर्षी स्वतः बदली, आणि चाबूक केवळ रिवाजापुरता जवळ बाळगी.

स्वभावाने तो मितभाषी होता आणि शब्दाला पक्का होता. भाडे ठरवताना आपल्या अटी तो प्रथम सांगे आणि समोरच्याने त्या मान्य केल्याखेरीज ओसरीवरून उठत नसे.

एका श्रावणाच्या आरंभी हॉलंड देशाच्या मिस ब्रेकेल नावाच्या बाई जळगाव जामोदच्या डाकबंगल्यात उतरल्या. वय चाळिशीच्या पुढचे, एकट्या, बरोबर रंगांच्या पेट्या. पायथ्याच्या जंगलातील वेली आणि गवते रंगवायची म्हणून त्या एवढा समुद्र ओलांडून आल्या होत्या. त्यांना वाटाड्याही हवा होता आणि गाडीवानही. खानसाम्याने इंग्रजी बोलणारा एक तरुण पुढे केला. बाईंनी त्याला आपल्या मोडक्या हिंदुस्तानीत विचारले, "जंगल देखा?" तो म्हणाला, "नकाशात देखा." तेव्हा बाई हसल्या आणि शालिग्रामला बोलावणे गेले.

शालिग्रामने ओसरीच्या खालच्या पायरीवर बसून आपल्या अटी सांगितल्या. "बाईसाहेब, चढावर उतरना पडेगा. नाल्याले पूर असला तं थांबना पडेगा. अन् पोळ्याले बैल जुपणार नाही. कोनीबी आलं तरी नाही."

"पोळा क्या है?" बाईंनी विचारले.

"बैलायचा सन व्हय. वर्साचा एकच दिवस त्याईचा, बाकी समदे आपले."

बाईंनी मान डोलावली आणि त्यांच्या देशाच्या रीतीप्रमाणे हात पुढे केला. परस्त्रीचा हात धरावा की न धरावा, या विचारात शालिग्राम क्षणभर घोटाळला. मग त्याने आपला हात धोतराला पुसला आणि दोन बोटे पुढे केली.

निमखेडीच्या बाहेर जंगलखात्याचा एक लहान बंगला होता. तेथे बाई राहू लागल्या. रोज सकाळी शालिग्राम त्यांना घेऊन जाई. कोणत्या खोऱ्यात काय फुलले आहे हे त्याला ठाऊक असेच असे नाही. पण कोठून परत येता येईल हे त्याला नेमके ठाऊक असे, आणि वाटाड्याचे खरे काम तेच. बाई चित्र काढीत तोवर चांद्या आणि बाशिंग्या हे त्याचे दोन बैल मोकळे चरत. बाईंनी एकदा त्या दोघांचेही चित्र काढून त्याला दाखवले. तो बराच वेळ ते न्याहाळीत राहिला. "बाशिंग्याचं डावं शिंग जरा पडेल हाय," एवढेच तो म्हणाला.

पोळ्याच्या आधी दोन दिवस बाईंना थंडी वाजून ताप आला. बंगल्यातला रखवालदार सणासाठी आपल्या गावी निघून गेला होता. शालिग्रामची बायको रुक्मिणीबाई पेज घेऊन जाई आणि कपाळावर ओली पट्टी ठेवून येई. पायथ्याला हिवताप घरोघरचा पाहुणा असल्याने प्रथम कोणी घाबरले नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी झाली. वर्षभर जू वाहणारे बैलांचे खांदे रुक्मिणीबाईने कोमट तूप आणि हळद लावून पळसाच्या पानांनी शेकले. मग वऱ्हाडाच्या रीतीप्रमाणे ती दोन्ही बैलांपुढे हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे आमंत्रण एकदा दिले की तो बैल चाकर उरत नाही, पाहुणा होतो, आणि पाहुण्याच्या मानेवर कोणी जू ठेवीत नाही.

सकाळी शालिग्राम बंगल्यावर गेला तेव्हा बाई हाकेला ओ देत नव्हत्या. डोळे अर्धवट उघडे होते. पण त्यांत ओळख नव्हती. तो धावत गावात आला. बाजेवर घालून नेण्यासाठी त्याने चार घरी विचारले. जळगावपर्यंत तीन कोसांची वाट, मध्ये दोन नाले, त्यांना कमरेइतके पाणी. बाजेवरचा रोगी पाण्यात भिजणार, आणि पोहोचायला रात्र होणार. शेजारचे म्हातारे पुंजाजी बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावीत बसले होते.

"पुंजाजीबाबा, दमणीशिवाय जमत नाही."

"मंग जुप ना," पुंजाजी मान वर न करता म्हणाले. "काल आवतन देल्लं, आज जू ठेव. पाहुण्याले जेवाले बोलवाव अन् त्याच्याच हातून गोठा झाडून घ्याव!"

"मडम मरून राह्यली, बाबा."

हिंगुळाचा हात थांबला. "तुह्या मनाले इचार," म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला. "मले इचारशीन तं मी नाहीच म्हणीन. इचारूच नको."

शालिग्राम घरी येऊन गोठ्याच्या दारात उभा राहिला. त्याच्या वडिलांनी पोळ्याला कधी जू उचलले नव्हते, आणि आजोबांनीही नाही. जो आवतन देऊन बैल जुपतो त्याचे गाऱ्हाणे बैल त्याच रात्री महादेवाला सांगतात, असे तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्याच वेळी त्याला तो परका, गोरा हात आठवत होता. त्या बाईला या जंगलात आणणारा आणि परत नेणारा असा तो एकटाच होता.

रुक्मिणीबाई चुलीवरून उठून आली. पुरण शिजत होते. तिने नवऱ्याकडे पाहिले.

"आवतन म्या देल्लं," ती म्हणाली. "मोडाचं असन तं म्याच सांगतो त्याईले. तुमी सरा."

तिने बैलांच्या पायांवर पाणी घातले, वाकून कपाळ टेकले आणि चांद्याच्या कानाशी बोलली, "जेवाले उशीर व्हईन बाबा आज. राग नका धरू."

मग ती स्वतःच दमणीत बसली आणि बंगल्यावरून बाईंना घेतल्यावर त्यांचे डोके तिने मांडीवर धरले.

शालिग्राम त्या दिवशी दमणीवर बसला नाही. चाबूक त्याने घरीच ठेवला होता. बैलांच्या मानेशी हात ठेवून तो चिखलातून त्यांच्याबरोबर चालत होता. पहिल्या नाल्यात पाणी आसाला लागले, दुसऱ्यात दमणी एका बाजूला कलली. बाशिंग्या गुडघ्यांवर बसला आणि पुन्हा उठला. वाटेतल्या खेड्यांत शिंगे रंगवलेले, झुली पांघरलेले बैल दारोदार उभे होते. माणसे या जोडीकडे पाहत आणि पाहून तोंड फिरवीत. एका ओट्यावरून कोणी ओरडले, "काय बे, वर्षाचा एक दिवस तरी सोड त्याईले!" शालिग्राम चालत राहिला.

ते जळगाव जामोदला पोहोचले तेव्हा दिवस कलला होता आणि दवाखान्याच्या रस्त्यावरच पोळा भरला होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना बांधलेल्या आंब्याच्या पानांच्या तोरणामागे शेकडो बैल उभे होते. मानाची जोडी भगवंतराव पाटलांची. ती तोरणाखालून गेल्यावाचून पोळा फुटत नसे, आणि तोपर्यंत त्या तोरणाखालून कोणीही जात नसे. वाजंत्री चालू होती. पोटापर्यंत चिखलाने माखलेली जुपलेली जोडी गर्दीत शिरली तसा रस्ता आपोआप मोकळा झाला. तो मानाने झाला नव्हता.

"कोन व्हय हा?" भगवंतरावांनी विचारले. ते वृद्ध होते आणि रीतीच्या बाबतीत कठोर म्हणून प्रसिद्ध होते. "पोळ्याच्या दिशी गाडी?"

"निमखेडीचा शालिग्राम व्हय, पाटील. दवाखान्यात जाऊन राह्यलो."

"हा तं मडमीचा गाडीवान!" एक तरणा गडी ओरडला. "इंग्रजायचा पैसा पाह्यला, महादेव इसरला!"

टपाखालून रुक्मिणीबाईचा आवाज आला. "पैसा नाही रे भाऊ. इकडे येऊन पाह्य."

तो गडी टपाजवळ आला, त्याने आत पाहिले आणि मागे सरला.

भगवंतरावांनीही पाहिले. मग म्हणाले, "शालिग्राम, तोरणाखालून जुपलेली जोडी कधी गेली नाही. माह्या हातून ते व्हनार नाही."

"जुपलेली जोडी नाही जानार, पाटील," शालिग्राम म्हणाला.

त्याने जुवाचे जोते सोडले. बैलांच्या मानेवरून जू उचलले, दोघांना बाजूला घेतले आणि त्यांचे दोर निंबाच्या झाडाला बांधले. मग परत येऊन, जेथे चांद्याची मान असे तेथे त्याने स्वतःचा खांदा दिला. दमणी हलली नाही. चाके चिखलात बसली होती. त्याने पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या, पाय घसरले. गर्दीतून कोणी हसले नाही. मघाचा तरणा गडी पुढे आला. आपले नवे पागोटे त्याने शेजाऱ्याच्या हाती दिले आणि बाशिंग्याच्या जागी तो उभा राहिला.

"वाजंत्री बंद करा," भगवंतराव म्हणाले.

दमणीचा टप तोरणाला लागला असता. पाटलांनी आपली काठी तोरणाखाली घालून ते स्वतःच्या हातांनी उंच धरले, आणि दोन माणसांनी ओढलेली ती गाडी त्याखालून निःशब्द पलीकडे गेली.

डॉक्टरांनी सुई दिली आणि एवढेच सांगितले की सकाळपर्यंत कळेल. रुक्मिणीबाई बाईंपाशी थांबली. शालिग्राम बैल घेऊन पायीच निमखेडीला परतला. दमणी दवाखान्याच्या अंगणात राहिली. घरी शेजारणीने पोळ्या करून ठेवल्या होत्या. त्याने बैल धुतले, कुंकू लावले आणि सुपात नैवेद्य पुढे ठेवला. बैलांनी तो हुंगला आणि माना फिरवल्या. कडबा मात्र खाल्ला.

"रुसले," शालिग्राम म्हणाला.

"थकले बे ते!" पुंजाजी म्हणाले. "तुले तीन कोस चिखलातून पिटाळलं असतं तं तू खाल्ल्या असत्या का पोळ्या?"

त्याचे समाधान झाले नाही. बाई शुद्धीवर आल्या, वाचल्या, ही बातमी घेऊन रुक्मिणीबाई आली तेव्हा त्याने हात जोडून वर पाहिले. पण बैलांनी पोळ्याचे जेवण घेतल्याशिवाय त्यांच्या मानेवर जू चढवणार नाही, असे त्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोळ्या केल्या, तिसऱ्या दिवशीही. बैल ढुंकून पाहीनात. भाडी आली तशी परत गेली. गावात लोक हसू लागले, मग हसायचे थांबले.

पंधरवडा गेला. वाटेतल्या पूर्णा नदीला उतार मिळाला आहे आणि बाईंना नांदुऱ्याहून आगगाडीने मुंबईला जायचे आहे, असा डॉक्टरांचा निरोप आला. शालिग्राम जळगावला गेला आणि दवाखान्याच्या दारात उभा राहून डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, त्याईले सांगा, बैल जेवले नाहीत. दुसरी दमणी पाहाव लागन."

डॉक्टरांनी त्याचा अर्थ विचारला, आणि त्याने सांगितला. डॉक्टरांनी तो बाईंना इंग्रजीत सांगितला. त्या अद्याप अशक्त होत्या. खुर्चीत बसून ऐकत होत्या.

"हम क्या करना?" ऐकून झाल्यावर त्यांनी शालिग्रामलाच विचारले.

उत्तर रुक्मिणीबाईने दिले, तो घरी गेल्यावर. "ज्याच्यासाठी जेवन मोडलं त्यानंच वाढाव. दुसऱ्याच्या हातचं कसं घेतीन ते?"

दुसऱ्या सकाळी दोघे नवरा-बायको मोकळे बैल घेऊन जळगावला आले. रुक्मिणीबाईच्या डोक्यावर पोळ्यांची टोपली होती. दवाखान्याच्या अंगणात बाई हळूहळू चालत आल्या. रुक्मिणीबाईने त्यांचा हात धरून बैलांच्या कपाळांना कुंकू लावून घेतले. ते थोडे वाकडे लागले. मग बाईंनी एक पोळी दोन्ही तळव्यांवर धरून चांद्यापुढे केली. त्या आपल्या भाषेत काहीतरी बोलल्या. ते कोणालाच समजले नाही.

चांद्याने पोळी हुंगली. त्याचा उष्ण श्वास बाईंच्या मनगटांवर आला, तरी त्यांनी हात मागे घेतले नाहीत. बैलाने जीभ बाहेर काढली आणि पोळी ओढून घेतली. मग बाशिंग्याने मान पुढे करून आपला वाटा मागितला.

टोपली रिकामी झाली. पदर तोंडाशी धरून रुक्मिणीबाई बाजूला झाली. शालिग्राम अंगणाच्या कोपऱ्यात पडलेल्या दमणीकडे गेला. टपावरचा पालापाचोळा त्याने झटकला, आसाला वंगण घातले आणि बाईंच्या पेट्या नीट लावून बांधल्या. मग दांडी धरून त्याने जू उचलले. त्याने बोलावण्यापूर्वीच ते दोघे चालत आले, आणि त्यांनी आपल्या माना खाली घातल्या.