घणाची कवळी

माझा मामा कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्या मापात प्लॅस्टर ओतून जबडा तयार करतो, त्यावर मेणात दात बसवतो, आणि मग मेण काढून त्या जागी गुलाबी लगदा भरून साचा पाण्यात शिजवतो. हे शेवटचं काम मामा मला अजून एकटीला करू देत नाही. अकरा वर्षं झाली मला त्याच्या हाताखाली, अर्ध्या शहरातले म्हातारे माझ्या हातच्या दातांनी जेवतात, पण साचा पातेल्यात ठेवला की हा हातातलं काम टाकून गॅसपाशी येऊन उभा राहणार. “पाणी गार होतं ना? हळू तापव. घाई करू नकोस.” आणि पूर्ण होईपर्यंत तिथून हलणार नाही. माझ्यावर भरवसा नाही म्हणून करतो, असं वाटून मी दोनदा कडाक्याचं भांडले होते त्याच्याशी.

शनिवारी दुपारी काम कमी असतं. तेव्हा आमच्या दारातल्या बाकड्यावर दोन म्हातारे येऊन बसतात. एक शेजारच्या दुकानातले शिंपीकाका आणि दुसरे रिटायर झालेले पोस्टमनकाका. विषय एकच, जुने फ्रीस्टाइल कुस्तीवाले. कुणाचा खांदा भर रिंगमध्ये निखळला आणि त्याने कोपऱ्यातल्या खांबावर आपटून तो स्वतःच जागेवर बसवला. कुणाचा कान दोरात अडकून फाटला, त्याने पट्टी बांधून घेतली आणि पुढची कुस्तीही खेळून टाकली. हे बोलताना दोघांचे आवाज आपोआप खाली येतात. सत्तरीचे लोक, एकाचे गुडघे गेलेत, दुसऱ्याला धड ऐकू येत नाही, पण डोळे असे लकाकतात की बघत राहावं.

मी काही कमी आगाऊ नाही. एकदा म्हटलं, “काका, ते सगळं आधी ठरवून करतात. कोण पडणार, कधी पडणार, सगळं.”

शिंपीकाकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “ठरवून पडला तरी फळीवरच पडतो ना माणूस? तू पड बघू या बाकड्यावरून. ठरवून पड. आम्ही दोघं टाळ्या वाजवतो.”

मी परत हातातल्या कवळीकडे वळले.

सगळ्या गोष्टी शेवटी एकाच कुस्तीवर येऊन थांबायच्या, घण आणि गेंडा अशी रिंगमधली नावं असलेल्या दोघांच्या. घण म्हणजे या लोकांचं दैवतच. रिंगमध्ये चढला की दोन्ही हात पसरून अशी डरकाळी फोडायचा म्हणे, की पत्रे हलायचे. पण छत्तीस वर्षांपूर्वी, आमच्या शहरात झालेल्या त्या कुस्तीत तिसऱ्या मिनिटानंतर त्याने तोंड उघडलं नाही. अडतीस मिनिटं कुस्ती चालली. ओठाच्या कोपऱ्यातून रक्त गळून छाती लाल झाली, गेंड्याने त्याला बदडून काढलं, पण घणाच्या तोंडून हूं की चूं नाही. वेळ संपल्यावर पंचाने बरोबरी जाहीर केली.

तो गप्प का होता, यावर दोघांचं आजतागायत एकमत नाही. पोस्टमनकाका म्हणतात, त्याची आई अत्यवस्थ होती, म्हणून. शिंपीकाका म्हणतात, गेंड्याने घाण शिवी दिली होती, आणि खरा राग आला की माणूस गप्प होतो. गंमत म्हणजे शिंपीकाकांना तिकीटच मिळालं नव्हतं, त्यांनी अख्खी कुस्ती भिंतीबाहेर उभं राहून ऐकली. पोस्टमनकाका आत होते खरे, पण पार मागे, आणि शेवटी पुढचे सगळे उठून उभे राहिल्यामुळे त्यांना लोकांच्या पाठीच दिसल्या. पहिल्या रांगेत होता तो एकटा मामा.

“तू सांग की रे,” दोघं दर शनिवारी म्हणायचे. “तुझ्या तर नाकासमोर झालं सगळं.”

मामा उठायचा. “प्लॅस्टर घट्ट होईल माझं,” म्हणून आत जायचा.

“छत्तीस वर्षं याचं प्लॅस्टर घट्ट होतंय,” शिंपीकाका म्हणायचे, आणि विषय तिथेच राहायचा.

गेल्या वर्षी एका गुरुवारी नेहमीच्या डॉक्टरबाईंकडून एक माप आलं. वरचा जबडा, एकही दात नाही. मी प्लॅस्टर ओतलं, सुटा झाल्यावर जबडा घासला आणि मामाच्या टेबलावर ठेवला. टाळूवर डावीकडून मागपर्यंत एक खोल तिरकी खूण होती, जुन्या जखमेची. मला वाटलं, मापातच काहीतरी बिघडलंय. मामाने जबडा उचलून दिव्याखाली धरला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग स्टुलावर चढला आणि सगळ्यात वरच्या फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. डब्यात कापूस होता आणि कापसात पिवळा पडलेला एक प्लॅस्टरचा जबडा. त्याला मात्र दात होते, समोरचे चार सोडून.

जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लावून बघा, खरखरीत वळ्या लागतात. दात पडतात, हिरड्या झिजतात, तोंडाचा आकार पार बदलून जातो, पण या वळ्या सहसा जात नाहीत, आणि एकाच्या दुसऱ्यासारख्या नसतात. मामाने मला हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. आता त्याने दोन्ही जबडे शेजारी ठेवले. खुणेने कापलेला भाग सोडला तर वळी न् वळी तीच होती.

“कोण आहे हा?” मी विचारलं.

“घण,” मामा म्हणाला आणि खाली बसला.

डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, पुरुष, वय त्र्याहत्तर, गोदामाचा रखवालदार, निवृत्त.

मग मामाने जे सांगितलं ते आजवर मामीलासुद्धा सांगितलं नव्हतं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, नुकतंच हे दुकान टाकलेलं. कुस्तीच्या आदल्या दिवशी घण मागच्या दाराने आला, मफलरने तोंड झाकून. समोरचे चार दात आधीच्या कुठल्यातरी गावात पडले होते. बोळक्या तोंडाने डरकाळी फोडली तर लोक हसतील, म्हणून त्याला कवळी हवी होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. मामाला तर आकाश ठेंगणं झालं. घण, त्याच्या स्टुलावर! माप घेता घेता हा छाती फुगवून म्हणाला, “खुशाल घालून खेळा. माझी कवळी तुटायची नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी साचा तयार झाला. पाणी हळूहळू तापवायचं तर दोन-अडीच तास हवेत. पण मामाला पहिल्या रांगेत जागा धरायची होती. त्याने पाणी आधीच खळखळून उकळलं आणि साचा त्यात सोडला. अर्ध्या तासात काम संपलं. असं केलं की वरून कवळी चकचकीत दिसते, पण आतल्या जाड भागात बुडबुडे राहतात. हे त्याला माहीत होतं. त्याने ती पॉलिश केली, घणाच्या हातात दिली आणि धावत जाऊन आपली जागा धरली.

तिसऱ्या मिनिटाला गेंड्याचा कोपर घणाच्या तोंडावर बसला. “मला आवाज आला,” मामा म्हणाला. “हजारो लोक ओरडत होते, पण तो आवाज मला ओळखीचा होता ना. आपल्या हातून रोज एखादी मोडते.” पुढची पस्तीस मिनिटं घण तुटकी कवळी तोंडात धरून लढला. संपल्यावर मामा त्याला भेटायला गेला नाही. पळून घरी आला. कुस्तीवाले सकाळी शहर सोडून गेले, आणि वर्षभरात घणाने कुस्ती सोडल्याची बातमी आली.

मला राग आला होता त्याचा, आणि दयाही येत होती. गॅसपाशी तो का उभा राहतो, हे मला अकरा वर्षांनी कळत होतं.

ती नवी कवळी त्याने मला हातही न लावू देता एकट्याने केली. पण पोचवायची वेळ आली तेव्हा डबी माझ्यापुढे सरकवून म्हणाला, “तू जा.”

“मी नाही जाणार,” मी म्हटलं. “एकदा पळालास तेवढं पुरे झालं.”

“आयुष्याचं वाटोळं केलंस म्हणाला तर?”

“तर ऐकून घ्यायचं. चल, चपला घाल.”

डॉक्टरबाईंच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. हाडं भलीमोठी, पण अंगावर मांस उरलं नव्हतं, सदरा नुसता खांद्यांवर टांगल्यासारखा. दोन्ही कान मात्र सुजून गोळा झालेले, मुळात कसे असतील याचा पत्ता लागू नये असे. मी सगळं नाटक म्हणणारी. ते कान बघितले आणि मनातल्या मनात सगळे शब्द परत घेतले. बाईंनी कवळी बसवली, चावून बघायला सांगितलं. त्याने चावलं, मान हलवली. “छान बसली.”

मामा दाराशी उभा होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मी त्याला कोपराने ढोसलं.

“ही मी केली,” तो म्हणाला. “आणि तीही मीच केली होती. छत्तीस वर्षांपूर्वीची. मला कुस्ती बघायची घाई होती म्हणून मी पाणी एकदम उकळलं. चूक माझी होती. तुमच्या टाळूवर जे आहे ते माझ्यामुळे आहे.”

म्हाताऱ्याने खुर्चीतूनच मान वळवून त्याला बराच वेळ न्याहाळलं. डॉक्टरबाईंचे हातही थांबले.

“माप घेताना माझा मफलर धरून उभा राहिलेला पोरगा तूच का?” तो म्हणाला. “फार दुखलं रे मला. सात टाके पडले. महिनाभर दुधावर होतो.”

“थुंकून का नाही टाकलीत?” हे मीच विचारलं, न राहवून.

“कुठे थुंकणार, रिंगमध्ये? घणाचे दात खोटे आहेत हे सगळ्यांना दिसलं असतं. मग लोकांना सगळंच खोटं वाटलं असतं. जिभेने दाबून धरली.” त्याने जिभेने नवी कवळी चाचपली. “पण खरी पंचाईत वेगळीच झाली. आम्ही मिठीत असलो की एकमेकांच्या कानात सांगतो, आता उजवीकडे टाकतो, तू वळ. सांगायचं काम माझं असायचं. मला तोंड उघडता येईना. गेंड्याने पाच मिनिटं वाट बघितली, मग त्याला वाटलं, आज हा मला दगा देणार. त्याने खरं मारायला सुरुवात केली. मग मीही केली.”

“कोण हरणार, हे ठरलं नव्हतं?”

“होतं की. मी, पंचविसाव्या मिनिटाला.” तो हसला. “पण खरं सुरू झाल्यावर कोण पडतो, बाई? बावीस वर्षांत दीडेक हजार कुस्त्या केल्या मी. खरी एकच. तीही याच्या घाईमुळे.”

शिंपीकाका भिंतीबाहेर उभे राहून जे ऐकत होते, ते खरंच होतं. मामा मात्र तसाच उभा होता. माफी मिळाली की नाही, हेच त्याला कळत नव्हतं.

म्हाताऱ्याचा आवाज बदलला. “त्या मारामारीत मध्येच कधीतरी डोकं खांबावर आपटलं माझं. त्यापुढचं काही आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा टाके घालत होते. म्हणाले, बरोबरी झाली. गेंड्याला विचारलं, तर म्हणाला, ‘जाऊ दे ना आता.’ तेव्हाच ओळखलं मी. मी हात आपटून हार मानली असणार, आणि माझी अब्रू राखायला यांनी बरोबरी केली. एकच खरी कुस्ती, आणि तीत मी हात आपटला. मग मन लागेना. वर्षभरात सोडून दिली. गेंडाही गेला आता, विचारणार कुणाला? तू होतास ना? आपटला ना मी हात?”

“नाही,” मामा म्हणाला.

“मन राखायला सांगू नकोस.”

“तुम्ही बेशुद्धच होता. डोळे पांढरे झाले होते. पण गेंड्याची मान तुमच्या काखेत होती, आणि ती तुम्ही सोडत नव्हता. हात गेंड्याने आपटला. दोनदा. पंच पलीकडच्या बाजूला होता, त्याला दिसलं नाही. मागच्या लोकांना दिसलं नाही. माझ्यापासून चार हातांवर होता तो हात. मग घंटा झाली. तरी तुम्ही सोडेनात. तिघांनी मिळून तुमचं एकेक बोट उलगडलं.”

घणाने खुर्चीच्या दांड्यावर आपला भलामोठा पंजा उचलून दोनदा आपटला. “असा?”

“असाच. पण जोरात.”

घणाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसत नव्हता.

“छत्तीस वर्षं,” तो म्हणाला. “आणि तू कुणाला म्हणजे कुणाला बोलला नाहीस.”

मामाने मान खाली घातली. कवळीची चूक त्याने इतकी वर्षं उराशी धरली होती, आणि त्या नादात ही दुसरी, तिच्यापेक्षा कितीतरी मोठी, त्याच्या लक्षातच आली नव्हती. आमच्या बाकड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना एका शनिवारी जरी त्याने सांगितलं असतं, तरी ते बोलत बोलत कुठल्यातरी गोदामाच्या दारापर्यंत पोचलं असतं. मला त्याचा हात धरावासा वाटला, पण धरला नाही.

डॉक्टरबाईंनी आपलं स्टूल पुढे सरकवलं.

“बस,” घण मामाला म्हणाला. “पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस.”