मोठ्या बाबांचा लाटसाहेबी कोट

सौंदडच्या शाळेत तिसरीचा वर्ग घेत होते, तेव्हा कामठ्याहून निरोप आला, मोठे बाबा गेले. माझ्या बापूंचे थोरले भाऊ. डोळ्यांत पाणी आलं खरं, पण समोर उभे राहिले ते काळ्या कोटातले मोठे बाबा, आणि... काय सांगू, हसूच आलं. वर्गातल्या पोरी बघतच राहिल्या. दीड महिना झाला, अजूनही तसंच होतं.

मी बापूंची दत्तक मुलगी. आईची धाकटी बहीण वारली, तिची मी लेक. आईबापूंनी मला घरी आणलं आणि गावाला सांगून टाकलं, ही आमची. मोठ्या बाबांना ते मुळीच पटलं नाही. "पोरीले कोनी दत्तक घेते का? वंश चालवाचा तं पोरगा पायजे," असं माझ्यासमोरच म्हणायचे. मला नावानं हाक म्हणून मारली नाही. मी त्यांच्या लेखी 'ते पाहुनी पोर'. फार लागायचं मला ते. त्यांनी एकदा तरी आपली म्हणावं, एवढंच हवं होतं.

बापू शाळामास्तर. देश स्वतंत्र झाल्यावर एका दिवाळीनंतर गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, त्यांनी नाटक बसवलं, इंग्रजांनी नागपूरचं राज्य कसं खालसा केलं त्याचं. राजा निपुत्रिक गेला, राणीनं दत्तक घेतला, लाटसाहेबानं तो नाकारला आणि राज्य गिळलं. त्यात आपल्या कामठ्याच्या धानाच्या बांध्याही गेल्या, हे बापू अगदी रंगवून सांगायचे. दत्तक राजपुत्र मी, डोक्याला फेटा बांधून. आणि लाटसाहेब? गावात कोट एकट्या मोठ्या बाबांकडे, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. त्यांना वाक्य एकच होतं, "दत्तक नामंजूर, राज्य खालसा!"

भरदुपारी मंडई माणसांनी फुललेली, मी राणीच्या मांडीवर. मोठे बाबा रुबाबात आले, खाकरले, माझ्याकडे पाहिलं... आणि पाहतच राहिले. फेटा माझ्या नाकावर घसरला होता. त्यांनी वाकून तो सरळ केला आणि गरजले, "मंजूर हाये! पोर आमची हाये!"

पडद्याआडून बापू कळवळले, "दादा, इतिहास बदलवून राहिले ना तुमी!"

"बदलू दे!"

लोक हसून लोटपोट झाले. पुढचे प्रवेश झालेच नाहीत, कारण राज्यच गेलं नव्हतं. लाटसाहेब वाक्य विसरला म्हणून गाव कित्येक वर्षं चिडवत होतं. मोठे बाबाही कबूल करायचे, "इसरलो बा." पण त्या दिवसापासून मला 'राजा' म्हणायला लागले ते कायमचे.

तेरवीच्या दिवशी मोठी आई, मोठ्या बाबांची बायको, तो कोट घेऊन माझ्याजवळ बसली. मी म्हटलं, "बरं झालं विसरले ते, माझं राज्य वाचलं."

"इसरतेत कायचे?" ती म्हणाली. "महिनाभर बैलाइपुढं तेच बोलून राहत होते. बैलाइलेबी पाठ झालं होतं!"

कोट आता सौंदडच्या माझ्या खोलीत खुंटीवर आहे. त्याची कॉलर सारखी मुडपते. शाळेला निघताना मी ती रोज सरळ करते, त्यांनी माझा फेटा केला होता तशी.