पायपेटीचे तोंड भिंतीकडे

एकाच संस्थेत उभे आयुष्य काढलेली दोन माणसे भेटली, की प्रकृतीची चौकशी दोन वाक्यांत आटोपते आणि उरलेला वेळ तिसऱ्याच माणसाचा होतो. अमरावतीच्या आमच्या धर्मशिक्षण विद्यालयातील मंडळींसाठी ते तिसरे माणूस म्हणजे बिशपसाहेब. त्यांचे किस्से कोणी जमवले नाहीत. ते साचत गेले. मी सांगतो ते सगळे विद्यालयाच्या आवारातील अकरा बाकांच्या उपासनामंदिरातले आहेत. 'किस्से' हा शब्द त्यांना पुरत नाही, हे मला ठाऊक आहे. अधिक नेमका शब्द योजण्याचे मी टाळतो.

*

साहेब मूळचे वलगावचे. अकोल्यात पाळक, मग आमच्याकडे प्राध्यापक, प्राचार्य आणि अखेर बिशप. पण प्रवचनशास्त्राचा तास त्यांनी कधी सोडला नाही. संस्कृत पाठशाळेत घडलेल्या माझ्यासारख्या ब्राह्मणाला त्यांनी मराठी शिकवायला बोलावले.

"आमची पोरं देवाशी भाषांतरात बोलतात, शास्त्रीजी," ते म्हणाले. "देव सभ्य आहे म्हणून ऐकून घेतो."

*

त्यांची एक रीत होती. विद्यार्थ्याने पहिले प्रवचन रिकाम्या उपासनामंदिरात करायचे. साहेब बाहेर, बंद दाराशी उभे. विद्यार्थी बाहेर आला की प्रश्न एकच: "कोण कोण होतं?" डोळ्यांपुढे माणसे आणून बोलावे, एवढाच त्यामागचा हेतू.

एकाने प्रामाणिकपणे सांगितले, "कोणीच नव्हतं, साहेब."

"मग बोललास कोणाशी?" साहेब म्हणाले, आणि त्याला नापास केले.

दुसरा हुशार निघाला. "शेवटच्या बाकावर एक म्हातारा होता. सारखा खोकत होता." साहेब हसले. उत्तीर्ण.

घंटा वाजवणारा आमचा गुलाबराव तिथेच, दाराबाहेर झाडत होता. त्याने मला बाजूला घेतले. "शास्त्रीजी, खोकला मलेबी आयकू आला."

*

एका वर्षी साहेबांनी मलाच आत धाडले. मी भाषेच्या स्वच्छतेवर दहा मिनिटे बोललो.

"कोण कोण होतं?"

"माझे वडील," मी म्हणालो. "दुसऱ्या बाकावर. तिसऱ्या वाक्याला उठून गेले."

वडील वारून बारा वर्षे झाली होती. आत जाताना मी विनोदच करायचे ठरवले होते. बाहेर येताना तो ठरवलेला विनोद मला आठवत नव्हता.

*

साहेबांच्या पत्नी रूथबाई उपासनेत पायपेटी वाजवीत. ही पेटी व्यासपीठाच्या डावीकडे, किंचित मागे, भिंतीला लावलेली. वाजवणाराचे तोंड भिंतीकडे. त्यामुळे नवऱ्याची सारी प्रवचने बाईंनी चुन्याकडे पाहत ऐकली.

"लग्नाला तीस वर्षं झाली," त्या माझ्यादेखत म्हणाल्या होत्या. "बोलताना तुमचं तोंड कसं दिसते, ते मले माहीत नाही. पेटी जराशी फिरवा ना."

"पुढच्या रविवारी," साहेब म्हणाले. पेटी जड, हलवायला दोघे लागत. शिवाय जुन्या मिशनऱ्यांनी मांडलेली वस्तू हलवायची, तर विषय आधी कमिटीपुढे जाई. पुढचा रविवार पुढेच जात राहिला.

बाई अकोल्यात दवाखान्यात होत्या तेव्हा साहेब इथे परीक्षा घेत होते. "दोनच मुलं उरली आहेत, ती आटोपतो नि निघतो," ते म्हणाले. त्यांची बस मूर्तिजापूरला पोहोचली तेव्हा बाई गेल्याचा निरोप आला.

त्यानंतर पेटी हलवण्याची परवानगी कमिटीने आपणहून दिली. साहेबांनी नको म्हटले. "आता कोणासाठी?"

*

पुढच्या जुलैत मेळघाटातून एक नवा विद्यार्थी आला. बाईंचे नावही त्याने ऐकले नव्हते. पहिले प्रवचन करून तो बाहेर आला.

"बाकांवर तिघं होते, साहेब. आणि पेटीपाशी एक बाई. भिंतीकडे तोंड करून."

साहेबांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "चेहरा?"

"दिसला नाही. वळल्याच नाहीत त्या."

त्या दिवशी साहेबांनी गुण लिहिले नाहीत. तेव्हापासून ते प्रत्येकाला एक प्रश्न अधिक विचारू लागले: "आणखी कोणी?" पोरे गोंधळत. गुलाबराव मला म्हणाला, "साहेब परीक्षा घेऊन नाही राहिले. वाट पाहून राहिले."

स्वतः साहेब मात्र त्या व्यासपीठावर पुन्हा चढले नाहीत. अकोल्याच्या मोठ्या चर्चमध्ये बोलत, कौंडण्यपूरच्या वाटेवरल्या खेड्यांत बोलत, इथे नाही. मी एकदा कारण विचारले.

"मी बोललो, आणि ती आलीच नाही तर?" ते म्हणाले. "आज निदान ते मला माहीत नाही."

*

निवृत्तीच्या दिवशी, दुपारी चारला, समारंभाआधी, त्यांनी मला बोलावले. "शास्त्रीजी, आज दाराशी तुम्ही उभे राहा."

गुलाबरावने सकाळीच आत झाडून घेतले होते. साहेब एकटे आत गेले. मी दार ओढून घेतले. आत जायला दुसरी वाट नाही. वीस मिनिटे त्यांचा आवाज येत होता. शब्दांच्या बाबतीत मी काटेकोर आहे, म्हणून सांगतो: त्या आवाजाखेरीज मी काहीही ऐकले नाही.

ते बाहेर आले. रीत होती, म्हणून मी विचारले, "कोण कोण होतं?"

"अकराही बाक पाहिले," ते म्हणाले. "समोर कोणी नव्हतं."

"आणखी कोणी?" हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही.

"नापास करा," साहेब म्हणाले, आणि पायरीवर बसले.

गुलाबराव खिडक्या लावायला आत गेला, आणि लगेच दाराशी परतला.

"साहेब, पेटी तुमी फिरवली काय? एकट्याच्यानं तर हालत नाही ते."

साहेब उठले नाहीत. मागेही त्यांनी पाहिले नाही.

"किती फिरली?" त्यांनी विचारले.

"जराशीच," गुलाबराव म्हणाला.