अर्धी ओळ आधी

घुग्घुसचे कोरसभाऊ गेल्या उन्हाळ्यात मस्कतला कामावर असताना छातीत कळ येऊन वारले. ते वेल्डर होते. मृतदेह नागपूरपर्यंत विमानाने आणि तिथून गाडीने घरी आला.

त्यांचं खरं नाव वस्तीत फारसं कुणी घेत नसे. विहारातल्या गायन मंडळात ते कायम कोरसमध्येच बसले. आवाज चांगला होता, पण एकट्याने गा म्हटलं की हात झटकत. "एकट्याचं गाणं म्हंजे रडणंच होय. मले मधात बसवा. दोन्हीकून आवाज आला पायजे." मी त्यांच्या मागे झांज घेऊन बसायचो. शेजारी नवा माणूस आला की ते त्याच्या गुडघ्यावर थाप मारून ताल देत. गुडघा लाल व्हायचा, ओळ चुकायची नाही.

खाणीतलं कंत्राटी काम सुटल्यावर ते परदेशी गेले. पौर्णिमेला मंडळ बसलं की त्यांची बायको शोभाबाई व्हिडिओ कॉल लावून फोन हार्मोनियमवर उभा ठेवी. पलीकडून भाऊ कोरस धरत. आवाज अर्धी ओळ उशिरा पोचे. हार्मोनियम वाजवणारे मास्तर वैतागले. "भाऊ, आमी जेवून उठलो का तुमी ताट वाढून राह्यले."

भाऊंनी यावर उपाय काढला. ते अर्धी ओळ आधी म्हणायला लागले, म्हणजे आवाज इथे वेळेवर यावा. मस्कतला त्यांच्या खोलीत राहणाऱ्या चौघांनाही त्यांनी तसंच शिकवलं. दोघे तेलंगणाचे होते, दोघे बिहारचे. गाण्याचा अर्थ त्यांना कळत नव्हता.

तोवर मास्तरांनी गाणं सुरू होताच फोनचा आवाज बंद करायला सुरुवात केली होती. गाणं संपलं की पुन्हा चालू करत.

"मास्तर, आला ना आवाज बरोबर?" भाऊ विचारत.

"एकदम साफ."

बाकीचे तोंड फिरवून हसत. भाऊंना कुणी सांगितलं नाही.

एका सुटीत ते पौर्णिमेच्या तोंडावर गावी आले. पांढरा शर्ट घालून विहारात सगळ्यांच्या आधी येऊन मधल्या जागेवर बसले. पहिल्या कडव्यानंतर कोरसची वेळ आली आणि भाऊ एकटेच अर्धी ओळ आधी सुरू झाले. दुसऱ्या कडव्यालाही तेच झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी ओठ दाबून धरले होते, तरी आवाज आधीच निघाला. बायकांच्या बाजूने हसू फुटलं. मास्तरांनी भाता थांबवला.

"काऊन भाऊ, गाडीच्या आधीच शिट्टी?"

"फोनवर त असंच म्हणतो ना मी. बरोबर येत होतं ना?"

"कोण आयकत होतं? आवाज बंदच राहे. तुमी तिथीच बरे होते."

सगळे हसले. भाऊही हसले. मग उठून मागे भिंतीशी बसले आणि शेवटपर्यंत नुसत्या टाळ्या वाजवत राहिले. सुटी संपेपर्यंत ते पुन्हा विहारात आले नाहीत.

ते परत गेले, आणि पुढच्या पौर्णिमेला मस्कतहून नेहमीसारखा फोन आला. पडद्यावर भाऊ मध्ये आणि चौघे दोन्ही बाजूंना. शोभाबाईने त्यांना नंतर विचारलं होतं, "आता काऊन म्हणता? कोणी आयकत नाई, माईत हाय ना तुमाले?"

"हे चौघं ड्यूटीवरून येऊन, आंघोळ करून बसते," भाऊ म्हणाले होते. "त्याइले काय सांगू?"

अंत्यविधीच्या दिवशी मंडळ त्यांच्या अंगणात बसलं. चौघांचा फोन आला. शोभाबाईने तो हार्मोनियमवर उभा केला. गाणं सुरू होताच मास्तरांचा हात सवयीने पुढे गेला आणि आवाज बंद झाला. पडद्यावर चौघे, मध्ये एक जागा सोडून, ओळीने बसले होते. त्यांची तोंडं अंगणातल्या कोरसबरोबर, नेमकी वेळेवर हलत होती.