हौदातलं मीठ

वडिलांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला आणि आमच्या घरात मिठावर पहारा बसला. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. उभा जन्म लासलगावच्या बाजारात कांद्याच्या व्यापारात गेलेला. ताटात ठेचा किंवा लोणचं नसलं तर त्यांना जेवल्यासारखंच वाटायचं नाही. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि आईकडे वळून म्हणाले, "यांचं मीठ आता तुमच्या हातात." झालं. बरणी वरच्या फळीवर गेली, पापड बंद झाले, आणि नाना अळणी आमटीकडे असे बघत बसायचे की चिमूटभर मीठ टाकावंसं वाटायचं. पण यांना पुन्हा काही झालं तर, या धास्तीने मीही बरणी खाली काढायची नाही.

गुडघ्यांमुळे नानांना चालवत नव्हतं. पोहलं तर डाव्या हातात ताकद येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या माझ्या भावाने नाशिकच्या आमच्या घरामागे पोहायचा तलाव बांधून घेतला. भाऊ त्याला पूल म्हणायचा, आई हौद. सायखेड्याला गोदावरीत उड्या मारत वाढलेले नाना पहिल्या दिवशी लहान मुलासारखे हरखले. पण पाण्यात टाकायच्या पावडरीने त्यांचे डोळे चुरचुरायचे, खोकल्याची उबळ यायची. खोकताना चेहरा लाल झाला की मी त्यांना बाहेर यायला लावायची. शेवटी भावाने एक यंत्र पाठवलं. पाण्यात मीठ घालायचं, त्या मिठातूनच यंत्र पाणी स्वच्छ ठेवणार. वेगळी पावडर नको.

"मीठ?" आई फोनवर ओरडलीच. "अरे, इथं मी चिमटीनं घालते आणि तू पोत्यानं सांगतो?"

"आई, ते प्यायचं नाहीये."

"अंगातून आत जात नाय कशावरून?"

यावर भावाकडे उत्तर होतं, पण आईला ते पटेल असं नव्हतं. चार पोती आली. आईने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पदर खोचून ती काठावर बसली आणि घमेल्याने थोडं थोडं मीठ पाण्यात सोडू लागली. फरशीवर खडा पडू देईना, कारण सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं म्हणे. दोन पोती झाली तशी ती थांबली. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. आमटीची चव बघावी तसं.

"बास. खारट झालंय."

मीही चाखून बघितलं. मला काही म्हणजे काही खारट लागलं नाही. मग लक्षात आलं, नानांचं मीठ सुटल्यापासून आईही त्यांच्याबरोबर अळणीच जेवत होती. तिच्या जिभेला तो समुद्र वाटला असणार. उरलेली पोती जिन्याखाली गेली.

यंत्रावर लाल दिवा लागला. मीठ कमी आहे, असं ते सांगत होतं. "त्याला काय कळतंय? त्याला थोडाच रक्तदाब हाय," आई म्हणाली आणि दिव्यावर फडकं टाकून मोकळी झाली.

उन्हं तापली तसं पाणी हिरवट झालं. मग गढूळ. पालक शिजवल्यावर उरतं तसं. पायऱ्या दिसायच्या, पुढे काही नाही. आमच्या घरात काळजी करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. मी रोज भावाला फोन करायची आणि तो रोज एकच सांगायचा, मीठ घाला, पाणी नितळ होईल. आई ऐकेना, नाना तर त्याहून ऐकेनात. "गोदामाय काय काचेसारखी होती का गं? पुराच्या पाण्यात पोहलोय मी." मी टॉवेल घेऊन काठावर बसायची आणि त्यांच्या पांढऱ्या डोक्यावरची नजर काढायची नाही.

एका सकाळी त्यांनी बुडी मारली. ही त्यांची जुनी खोड. मी वाट बघितली. ज्या बाजूला डोकं वर यायला हवं तिथे आलं नाही. दुसऱ्या बाजूला बघितलं. पाणी नुसतं हिरवं आणि शांत. मी "नाना!" म्हणून किंचाळले तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. तिला पोहता येत नव्हतं. पण ती थांबली नाही, साडीसकट पायऱ्या उतरली, आणि छातीएवढ्या पाण्यात हातांनी चाचपडू लागली. "अहो! अहो!" एवढंच. मी मागोमाग उडी टाकणार, तोच पलीकडच्या शिडीपाशी नाना वर आले. हसत.

"घाबरल्या का मायलेकी?"

मग त्यांना आई दिसली. तिच्या पिठाच्या हातांखाली पाण्यावर पांढरे ओघळ पसरले होते.

आई बाहेर आली, निथळत्या साडीने जिन्याखाली गेली, आणि एक पोतं फरफटत काठाशी आणलं. शिवण दाताने तोडली. मी म्हटलं, "आई, आधी कपडे तरी बदल." तिने मला हाताने बाजूला सारलं.

नाना शिडी धरून तिच्याकडे बघत होते. नेहमीच्या चेष्टेच्या सुरात म्हणाले, "अगं, मला मीठ चालत नाय ना?"

"नसू दे चालत," आई म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "तळाशी असलात तरी मला दिसले पाहिजेत तुम्ही."

नाना हळूहळू वर आले. पोतं तिला एकटीला उचलत नव्हतं. त्यांनी उजव्या हाताने दुसरं टोक धरलं, आणि बोटं नीट मिटत नव्हती तरी डावा हातही लावला.