डबीतली गोळी

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन चालू होतं त्या वर्षांतली ही गोष्ट आहे. जिंतूरच्या एका जिनिंगमध्ये मी फिटर होतो. एके दिवशी बांधलेली रुईची गाठ थप्पीवरून घसरली आणि माझ्या कमरेवर आली. मरण चुकलं म्हणून घरच्यांनी देवापुढे नारळ फोडला. मी मात्र देवावर चिडलेलो होतो. वाचवायचंच होतं तर पुरतं वाचवायचं, हे अर्धवट काम कशाला केलं, असं खाटेवर पडून मी रोज म्हणत असे. जिनिंगमध्ये कुणाचं काम अर्धवट राहिलं तर मी त्याची खरडपट्टी काढायचो, तीच सवय देवापुढेही सुटली नव्हती.

मालकाने कामगारांचा विमा उतरवला होता, त्यामुळे सुरुवातीला औषधाची काळजी नव्हती. दवाखान्यात एक इंजेक्शन देत. ते दिलं की कमर माझी नसल्यासारखी वाटे. नवी सून माहेरच्या माणसाची वाट बघते, तशी मी त्या इंजेक्शनची वाट बघू लागलो. काही महिन्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं की अपघातावरचा उपचार पूर्ण झाला असून यापुढचा खर्च मिळणार नाही. पत्राप्रमाणे माझी कमर बरी झाली होती. कमरेला ते कुणी कळवलं नव्हतं.

कामावर परत जावं लागलं, आणि मग मी अफूकडे वळलो. बायाबापड्या शेतावर जाताना तान्ह्या लेकरांना अफूचा कण चाटवून झोपवायच्या, ही आमच्याकडची जुनी रीत, त्यामुळे अफू म्हणजे काही भयंकर वस्तू असं मला वाटलंच नाही. आधी दुखण्यासाठी एक गोळी घ्यायचो. पुढे दुखो न दुखो, गोळी लागायचीच. ती नसली की नाक गळायचं, हातपाय ओढायचे, पोटात कालवायचं. हे सगळं कमरेचंच आहे असं मी घरात सांगत होतो.

आता जे सांगायचं आहे ते लिहिताना अजूनही मान खाली जाते. आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही, असा आमचा नेम. एकाच्या लिंगाला दुसरा कुणी हात लावत नाही, बायकोसुद्धा नाही. माझी बायको महानंदा तर डबीकडे बघतानाही हात जोडायची. घरात तिच्या हाताला न लागणारी अशी एकच जागा होती, आणि मी अफू तिथे ठेवू लागलो. कागदाच्या बारीक पुडीत गोळी गुंडाळायची आणि डबीत, लिंगाच्या शेजारी. सकाळी पूजेला बसलो की महानंदा मुलींना म्हणायची, "गप बसा, तुमचे बाबा देवापाशी बसलेत." मी तिच्याकडे पाठ करून बसलेला असायचो.

श्रावणातला एक सोमवार होता. चारठाण्याच्या जुन्या महादेवाला जाऊन येतो असं मी घरी सांगितलं. महानंदाला इतका आनंद झाला की तिने फुलं, बेल आणि दहीभाताचा डबा बांधून दिला. खरं म्हणजे अफू विकणारा माणूस चारठाण्याच्या स्टँडवर यायचा. मी उतरलो तर तो नव्हता. नामांतरावरून अचानक बंद पुकारला गेला होता, दुकानं मिटलेली, आणि माझ्या मागोमाग एसटीही थांबल्या. डबीत शेवटची एक गोळी होती. ती संध्याकाळसाठी ठेवायची असं ठरवलं, पण दुपार होईपर्यंत माझे दात वाजू लागले.

देवळाच्या ओट्यावर सावली होती. तिथे अडकलेले चार-दोन प्रवासी बसले होते, त्यांत झरीची एक म्हातारी होती, लेकीकडे निघालेली. मी खांबाआड होऊन डबी उघडली. हात असा कापत होता की डबी कलली, आणि लिंग आणि पुडी दोन्ही खाली फरशीवर पडली. पुडी सुटून गोळी बाहेर आली. दोन्ही काळी. कुणी म्हणेल, घाईत गोंधळ झाला असेल. नाही. कोणतं काय आहे ते मला नीट दिसत होतं. लिंग घरंगळत पायरीकडे चाललं होतं, ते मी बघत होतो. माझा हात गोळीकडे गेला. मी ती फरशीवरून उचलली आणि तोंडात टाकली.

वर पाहिलं तर म्हातारी पायरीशी वाकली होती. तिने पदर पसरून त्यात लिंग घेतलं होतं आणि पदर दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला होता.

"म्या हात न्हाई लावला, बाबा," ती म्हणाली. "तुमच्यात चालत न्हाई, ठावं हाय मला. घ्या."

मला ते घेता येईना. तोंडात कडू चव होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. देवळात बसून मी असा ओशाळलो की फरशीत गडप व्हावंसं वाटलं. ती तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "माझा मालक बी खायचा. म्या कुनापाशी बोलले न्हाई, त्यो बी बोलला न्हाई. लोक काय म्हनतील म्हनून. लाजंनंच मेला बघा त्यो. उठा आता."

गावातल्या सरकारी दवाखान्यात ती मला घेऊन गेली. तरुण डॉक्टर होते. काय होतंय असं त्यांनी विचारलं आणि मी सवयीने म्हणालो, कमर, जिनिंगमधला अपघात. म्हातारी दारातूनच बोलली, "कमर दुखायलीय ते खरंच हाय, सायेब. पर अफू बी लागलीय. दोनी लिवा." एवढं बोलून ती बाहेर जाऊन बसली.

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. माणूस भला होता. म्हणाले, "विमा आहे ना? अपघाताचं दुखणं उलटलं असं लिहितो. कंपनीला पुन्हा खर्च द्यावा लागेल, इंजेक्शनं सुरू होतील, रजाही मिळेल. अफूचं लिहिलं तर कंपनी काही देणार नाही, आणि कारखान्यात सगळ्यांना कळेल. काय लिहू?" इंजेक्शन हा शब्द ऐकून माझं सगळं अंग हो म्हणालं. ते पुन्हा सुरू झालं तर मी परत कधी वर येणार नाही, हेही मला तेव्हाच स्वच्छ कळलं. मूठ उघडून पाहिली. लिंग हातात होतं. पदरातून मी ते केव्हा उचलून घेतलं, आठवत नाही. मी म्हणालो, "दोन्ही लिहा." तो आवाज माझाच होता, पण तेवढं बळ माझं नव्हतं.

बाहेर आलो तर म्हातारी गेलेली होती. एसटी सुरू झाल्या होत्या. पुढे मी झरीला दोनदा जाऊन चौकशी केली, पत्ता लागला नाही. झरी मोठं गाव आहे आणि मी नावही विचारलं नव्हतं, तेव्हा यात चमत्कार काही नाही. मी फक्त झालं ते सांगतो.

घरी जाऊन महानंदाला सगळं सांगितलं, डबीचंही. अफूचं तिने ऐकून घेतलं. डबीचं ऐकल्यावर मात्र भिंतीला टेकून खाली बसली. "म्या लिंगाला मानते म्हनून तुमी त्याचंच कुलूप केलंत व्हय?" असं म्हणाली आणि दोन दिवस माझं ताट मुलींच्या हाती पाठवलं. तिसऱ्या दिवशी परभणीच्या दवाखान्यात मला भरती केलं, तेव्हा पिशवी घेऊन तीच सोबत आली. त्या आठवड्यांत तिने माझं काय काय धुतलं, पुसलं, ते लिहिण्यासारखं नाही. विमा कंपनीने काही दिलं नाही. मालकाने मला फाटकावर राखणीला बसवलं आणि पोरंसोरं मला अफूवाले अण्णा म्हणू लागली. अजून म्हणतात.

बरा झाल्यावर आम्ही मठात गेलो. स्वामींपुढे सगळं सांगून, काय प्रायश्चित्त द्याल ते घेतो, असं म्हणालो. त्यांनी लिंग धुऊन विभूती लावली आणि माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. हात कापू लागला. घाबरून मी ते परत करायला गेलो, तेव्हा त्यांनी आपला हात माझ्या हाताखाली धरला. "कापू द्या," म्हणाले. "स्थिर हात कुनी मागितलाय तुमाला?" त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला काही बोल लावला नाही आणि काही मागितलंही नाही.

कमर अजून दुखते. मरेपर्यंत दुखणार, असं डॉक्टर सांगतात. पूर्वी कुणी विचारलं की मी "बरं हाय" म्हणून तोंड फिरवायचो. शरण जाणं म्हणजे काही मोठी साधना असावी असं मला वाटायचं. माझ्या वाट्याला आलं ते फार साधं आहे. सकाळी महानंदा विचारते, "दुखायलंय का?" मी लाजतो, अजूनही लाजतो, आणि म्हणतो, "व्हय, लय दुखायलंय." मग ती मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून आणते.