गहिनीनाथ मिस्त्रींवरचा ठपका

महिन्यापूर्वी पारनेरहून फोन आला. "साहेब, आप्पा गेले." गहिनीनाथ मिस्त्रींचा मुलगा बोलत होता. केडगावच्या घरी मी तो फोन घेतला. मिस्त्रींजवळ एक कबुली द्यायची होती, ती मी वर्षानुवर्षं पुढे ढकलली होती.

साखर कारखान्यात मी इंजिनिअर, ते मिलचे फिटर. जुन्या बेअरिंगमध्ये नवा मऊ धातू ओतून आला की बाकीचे ते सरळ बसवून मोकळे होत. मिस्त्री शाफ्टला निळा रंग लावत, बेअरिंग त्यावर फिरवून उचलत आणि जिथे निळं उमटलं, म्हणजे जिथे जास्त टेकत होतं, तेवढंच घासत. पुन्हा रंग, पुन्हा घासणं. सगळीकडे सारखे ठिपके येईपर्यंत हात थांबत नसे. "नवरदेवाला हळद लावताय का, मिस्त्री?" असं कुणी डिवचलं की म्हणत, "उद्या नवरदेव तापला, तर तुलाच बोलवतो समजूत काढायला!"

एका हंगामात उसाची पहिली मोळी टाकायच्या दिवशीच हे काम अर्धवट राहिलं होतं. मंडप भरला होता, पाहुणे येऊन बसले होते.

"साहेब, एकाच कडेला टेकतंय. दोन तास द्या, न्हाईतर जळंल."

"मुहूर्त तुमच्यासाठी थांबणार आहे का? झाकण लावा."

त्यांनी लावलं. नारळ फुटला, मोळी पडली, टाळ्या झाल्या... आणि तासाभरात बेअरिंगमधला धातू वितळून खाली गळला. मिल बंद पडली. चौकशीत मी लिहून दिलं, फिटरचा हलगर्जीपणा. मिस्त्रींची फोरमनची बढती कायमची गेली.

त्यांनी माझ्या हुकमाचा उच्चारही केला नाही. नवं बेअरिंग त्यांनीच बसवलं आणि मला हाक मारली, "साहेब, या, ठिपके बघून घ्या." मी त्या हाकेत टोमणा शोधला. तो नव्हता. तेवढा मोठा माणूस मी कारखान्यात दुसरा पाहिला नाही.

दहाव्यानंतर त्यांच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "आमाला ठाव हुतं. पर ते म्हनायचे, बोल्ट मीच आवळले ना."

मुलगा मात्र माझ्याकडे रोखून बघत होता. "मग पेपरात लिवा, साहेब. गावात अजून त्यांना मिल बंद पाडणारा म्हनत्यात."

त्याने वहीचा कागद दिला. मिस्त्रींच्या रिकाम्या खाटेशेजारी बसून मी पहिलं वाक्य लिहिलं: बेअरिंग तयार नव्हतं, गहिनीनाथ मिस्त्रींनी तसं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.